मदत हवी आहे: फोनवर ५जी, वेग मात्र ४जीइतकाच (रामबाग, इंदूर)

रामबागकर

नमस्कार मंडळी,

घर रामबागेत, जुनं दुमजली. तळमजल्याच्या भिंती जाड, मागच्या खोलीला खिडकीच नाही. फोन मधल्या किमतीचा, अँड्रॉइड, ५जी. वरच्या पट्टीत ५जी ठळक दिसतं, काड्याही तीन-चार असतात. तरी मागच्या खोलीत रात्री वेग २० एमबीपीएसच्या आसपास. ५जी बंद करून फोन ४जीवर ठेवला तर कधीकधी ३० मिळतो! लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो, तिथे तर कुठेही बसलं तरी आकडा ३५-४०च्या वर जात नाही.

नव्या तंत्रज्ञानाने प्रत्यक्षात वेग वाढतो का, की सगळं पट्टीवरच्या अक्षरापुरतंच? दोष फोनचा, कंपनीचा की घराचा, हे कसं ओळखायचं? आई-बाबांचे फोन बदलायचे आहेत, त्यांना ५जीच घ्यावा का? शिवाय घरासाठी ५जीवर चालणारं बिनतारी कनेक्शन घ्यायचं डोक्यात आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.


छप्पन_दुकान

५जी म्हणजे निव्वळ जाहिरात हो. फोन ४जीवर ठेवा, बॅटरी तरी वाचेल. धागा संपला.


लहरी_माळवा

छप्पन, इतकं सोपं नाही ते. रस्त्यावर ५०० आणि त्याच घराच्या स्वयंपाकघरात १५, असे दोन्ही आकडे एकाच टॉवरवरून एकाच वेळी येऊ शकतात.

५जीचा वेग येतो तो मुख्यतः बँडच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्याच्या, रुंदीमुळे. ४जीत एका वाहकाची, म्हणजे डेटा नेणाऱ्या एका सलग तुकड्याची, रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ. ५जीचा मुख्य बँड एन७८, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. २०२२च्या लिलावात जिओ आणि एअरटेल दोघांनीही या बँडमध्ये प्रत्येक सर्कलला (दूरसंचाराच्या विभागाला) किमान १०० मेगाहर्ट्झ घेतले. रुंदी एकदम पाचपट. त्यात टॉवरवर ३२ किंवा ६४ अँटेनांची पाटी असते, ती लहरी एकेका फोनच्या दिशेने वळवते. मोकळ्यावर ४००-५०० दिसतात ते या दोन गोष्टींमुळे.

आता उलट बाजू. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचाही ५जी आहे, एन२८, पण तिथे रुंदी फक्त १० मेगाहर्ट्झ. १० मेगाहर्ट्झमध्ये ४जीला १८० किलोहर्ट्झचे ५० ठोकळे मिळतात आणि ५जीला ५२. पन्नासाचे बावन्न, बस! म्हणून ७०० वर बसलेला फोन ५जी दाखवतो, घरात खोलवर चालतो, पण वेग चांगल्या ४जीइतकाच देतो. आदर्श परिस्थितीतही १००च्या आसपास. "५जी आहे का" विचारण्यापेक्षा "कोणता बँड आहे" विचारा.

मग सिग्नल. काड्यांवर विश्वास ठेवू नका. त्या किती काढायच्या हे फोन कंपनी ठरवते आणि त्या साधारणपणे फक्त ताकद दाखवतात. बघायचे आकडे दोन:

आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये. उणे ८५च्या अलीकडे, म्हणजे शून्याच्या बाजूला, उत्तम, उणे १००पर्यंत ठीक, उणे ११०च्या पलीकडे रडतखडत. दर ३ डीबीला ताकद निम्मी, दर १०ला एकदशांश.

एसआयएनआर, म्हणजे कामाचा सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे. २०च्या वर झकास, १० ते २० बरा, ०च्या आसपास वाईट. शॅननच्या सूत्राप्रमाणे ० डीबीला एका हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त १ बिट जातो, २० डीबीला साडेसहा. बँड तोच, टॉवर तोच, वेगात सहापटीहून जास्त फरक.

३५०० मेगाहर्ट्झची लहर ७००च्या तुलनेत मोकळ्या हवेतसुद्धा १४ डीबीने मागे पडते, म्हणजे पंचविसावा भाग. वर वीट, चुना, काँक्रीट, लोखंडी जाळी यांची कात्री वेगळी. टॉवरवरची अँटेनांची पाटी यातलं थोडं भरून काढते, सगळं नाही. रामबागेतल्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत एन७८ खूप करेल अशी आशाच धरू नका.

एक गंमत राहिली. एअरटेलने ५जी सुरू केलं ते एनएसए पद्धतीने: मूळ जोडणी ४जीची, वर ५जीची जोड. अशा जाळ्यात आजूबाजूला ५जी उपलब्ध आहे एवढ्यावरच बरेच फोन ५जीचं चिन्ह काढतात, मग त्या क्षणी डेटा निव्वळ ४जीवरून वाहत असला तरी. जिओचं एसए आहे, तिथे ५जी स्वतंत्र चालतं. एसए असो की एनएसए, चिन्ह बघून वेगाचा अंदाज बांधू नये.


मोजपट्टी

आधी मोजा, मग काय बदलायचं ते बोलू. मोजण्यात लोक ज्या चुका करतात त्या टाळल्या तर निम्मं निदान तिथेच होतं.

नेटमॉन्स्टर नावाचं ॲप टाका. बँड, आरएसआरपी, एसआयएनआर तिन्ही दिसतात. सॅमसंग असेल तर डायलरमध्ये *#००११# टाकूनही दिसतं, आयफोनला *३००१#१२३४५#*. 

चाचणीआधी बॅटरी सेव्हर बंद करा, कारण बऱ्याच फोनमध्ये तो ५जीच बंद करतो. व्हीपीएन बंद. फोन गरम असेल तर थांबा. मे महिन्यात गच्चीवर उन्हात धरलेला फोन स्वतःहून ५जी सोडून ४जीवर येतो आणि मग तुम्ही कंपनीला शिव्या घालता. दोन सिम असतील तर दुसऱ्यावर कॉल चालू नको, बहुतेक फोनमध्ये तेवढा वेळ डेटा थांबतो किंवा मंदावतो.

स्पीडटेस्टमध्ये सर्व्हर आपोआप निवडू देऊ नका. एक इंदूरचा आणि एक मुंबईचा ठरवून टाका, प्रत्येक वेळी तेच. पहिला सांगतो टॉवर ते शहर काय चाललंय, दुसरा बाहेरची वाट. मुंबई रस्त्याने ६०० किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद तरी लागणारच, तेव्हा पिंगमध्ये, म्हणजे सर्व्हरचं उत्तर यायला लागणाऱ्या वेळात, एवढा फरक दिसला तर घाबरू नका.

मोजायच्या जागा: गच्ची, पुढची खिडकी, मागची खोली. वेळा: सकाळी ७ आणि रात्री ९ ते १०. प्रत्येक ठिकाणी तीनदा चाचणी घ्या आणि मधला आकडा लिहा. सगळ्यात मोठा आकडा स्क्रीनशॉटला बरा, निदानाला नाही. चाचणी चालू असतानाचे आरएसआरपी-एसआयएनआर शेजारी लिहा. मागच्या खोलीत एकदा ४जीवर ठेवूनही मोजा.

४जीवर ठेवायला सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर पसंतीचं नेटवर्क असतं, ते वापरा. *#*#४६३६#*#* हा मेनूही आहे, काही कंपन्या तो बंद ठेवतात. त्यातलं "फक्त एनआर" (एनआर म्हणजे ५जी) निवडून विसरू नका. ज्या जाळ्यात किंवा फोनमध्ये ५जीवरून कॉलची सोय नाही तिथे कॉल यायचेच बंद होतात, आणि घरचे म्हणतात फोन का लागत नाही.

डेटा सांभाळा: ५०० एमबीपीएसने १५ सेकंदांची एक चाचणी म्हणजे ९०० एमबीहून जास्त. ५०० भागिले ८ म्हणजे सेकंदाला साडेबासष्ट एमबी, गुणिले १५. डाउनलोडमध्ये "६० एमबी" दिसतं आणि स्पीडटेस्टमध्ये "५००", त्यातही हाच आठाचा भागाकार आहे. कोणी चोरी करत नाही.


रामबागकर

मोजलं. ५जीवर सगळीकडे बँड एन७८ दिसला. क्रमाने आरएसआरपी, एसआयएनआर, डाउनलोड, अपलोड. सर्व्हर इंदूरचा.

गच्ची, सकाळी: उणे ८४, १९, ४१०, ३८
गच्ची, रात्री: उणे ८५, १४, १३५, २२
पुढची खिडकी, रात्री: उणे १०१, ९, ७०, ९
मागची खोली, सकाळी: उणे ११४, १, ३४, दीड
मागची खोली, रात्री: उणे ११५, उणे १, १९, १
मागची खोली, रात्री, ४जीवर: उणे ९८, ८, २८, ७

मुंबईच्या सर्व्हरने आकडे फारसे बदलले नाहीत. लॅपटॉप मात्र सकाळी गच्चीवर फोनशेजारी ठेवूनही ३८च.


लहरी_माळवा

वा, असे आकडे दिले की बोलता येतं. तुमच्याकडे तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकाच नावाने हाक मारताय.

पहिलं, घर. गच्ची ते मागची खोली ३० डीबीचा फरक, म्हणजे हजारावा भाग पोचतो. ना फोन बदलून हे सुटेल ना प्लॅन बदलून. अपलोडचा आकडा बघा: १. एन७८वर डाउनलोड आणि अपलोड एकाच बँडमध्ये आळीपाळीने चालतात, अपलोडच्या वाट्याला साधारण पाचातला एक भाग. टॉवर दणकून ओरडू शकतो, पण फोनची ताकद साधारण २०० मिलीवॉट, त्याचा आवाज भिंतीतून टॉवरपर्यंत जातच नाही. म्हणून कोपऱ्यात आधी अपलोड मरतो, मग डाउनलोड. व्हिडिओ कॉलवर "तुमचा आवाज तुटतोय" म्हणतात ते यामुळे, तुम्हाला समोरचा अगदी स्वच्छ दिसत असताना. ४जीवर तिथेच ७ मिळतात, कारण तो खालच्या बँडवर आहे. मागच्या खोलीत ४जीच ठेवा. त्यात कमीपणा नाही.

दुसरं, गर्दी. गच्चीवर सकाळी-रात्री ताकद तीच, वेग ४१०चा १३५. सिग्नल बदलला नाही, वाटेकरी वाढले. एसआयएनआर १९चा १४ झाला तोही शेजारच्या टॉवरांवरचा भार वाढल्यामुळे. सिग्नल उत्तम असून वेग दिवसभर एकाच आकड्यावर अडकलेला असता, समजा पहाटेसुद्धा ८०च, तर मी टॉवरच्या मागच्या जोडणीवर, म्हणजे फायबरऐवजी मायक्रोवेव्हवर, किंवा प्लॅनच्या मर्यादेवर संशय घेतला असता. तुमच्याकडे तसं नाही. आणि रात्रीचे १३५ ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे. ४के व्हिडिओला १५ ते २५ पुरतात, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलला एक-दोन.

तिसरं लॅपटॉपचं. ते मोजपट्टी सांगतील.


मोजपट्टी

हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर आहे, पैजेवर सांगतो. २० मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलवर एका अँटेनाने जोडणीचा कागदोपत्री वेगच ७२ एमबीपीएस, हाती येतात ४०च्या आसपास. तुमचे ३८ तंतोतंत बसतात. वर इंदुरातल्या दाटीच्या वस्तीत शेजाऱ्यांचे वीस-पंचवीस वायफाय त्याच तीन चॅनेलांवर भांडत असतात.

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा. लॅपटॉप जुना असेल आणि त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नसेल, तर यूएसबी केबल लावून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला द्या. केबल डेटावाली हवी; नुसती चार्जिंगची केबल लावून "होत नाही" म्हणणारे बरेच असतात. फोनचं पोर्ट यूएसबी २ असेल तरी २००-३०० सहज मिळतील.

आणि फोन मागच्या खोलीत ठेवून हॉटस्पॉट लावायचाच नाही. फोन पुढच्या खिडकीत, लॅपटॉप मागे. वायफायला एक भिंत ओलांडू द्या, ५जीला तीन ओलांडायला लावू नका.


छप्पन_दुकान

बरं, माझं "जाहिरात" वालं विधान निम्मं मागे घेतो. पण मग रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्यावर ५जी दाखवत असताना साधा फोटो का जात नाही?


लहरी_माळवा

कारण तिथे सगळेच वर पाठवतायत. एरवी लोक खाली ओढतात, गेरीत प्रत्येक जण लाइव्ह करतो, आणि अपलोडचा वाटा पाचातला एक हे वर लिहिलंच. त्याहून आधी अडतं ते दार. डेटा पाठवण्यापूर्वी फोनला टॉवरकडे जागा मागावी लागते, आणि हजारो फोन एकाच क्षणी मागायला लागले की मागण्याच एकमेकींवर आदळतात. काड्या पूर्ण, काम शून्य. कंपन्या अशा वेळी चाकांवरचे टॉवर आणतात, त्याने थोडा भार हलका होतो. फोटो मागाहून पाठवा. नाहीतर थोडं चालत कृष्णपुऱ्याकडे सरका, टॉवर बदलला की निघून जातो.


सुदामानगर_०९

आई-बाबांच्या फोनबद्दल कुणी बोललंच नाही, ते मी लिहिते.

वापर व्हॉट्सॲप, यूट्यूब, बातम्या एवढाच असेल तर वेगासाठी ५जी फोन घ्यायची गरज नाही, चांगलं ४जी पुरून उरतं. पण आता दोनेक हजारांच्या फरकाने ५जी मिळतो आणि फोन चार-पाच वर्षं चालवायचा असतो, तेव्हा घ्याच. फक्त दुकानात हे बघा:

खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर ५जी बँडची यादी असते. एन७८ आणि एन२८ दोन्ही हवेत. एन१, एन३, एन८, एन४० असतील तर पुढे उपयोगी पडतील, कारण जुने ४जीचे बँड हळूहळू ५जीला दिले जातात.

एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलेलं हवं. अगदी स्वस्तातले काही ५जी फोन फक्त एसएवर चालतात. एनएसए जाळ्याचं सिम घातलं की तो फोन जन्मभर ४जीच दाखवणार, आणि दुकानदार म्हणणार "अपडेट येईल". येत नाही.

सिम बदलायची गरज सहसा नसते, ४जीचं सिम ५जीला चालतं. फारच जुनं, ३जीच्या काळातलं असेल तर बदलून घ्या.

आता प्लॅन. जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलचं अमर्याद ५जी मुख्यतः रोज २ जीबी किंवा वरच्या प्लॅनवर आहे. बाबा दीड जीबीवाला भरत असतील तर ५जी फोन घेऊनही ते मिळेलच असं नाही, रिचार्जच्या आधी प्लॅनचा तपशील वाचा. आणखी एक मेख: अमर्याद फक्त ५जीवर. फोन ४जीवर आला की रोजच्या कोट्यातून कापलं जातं, आणि कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर. "दुपारपर्यंत झकास, मग एकदम बंद" अशी तक्रार असेल तर टॉवरकडे बघण्याआधी कोटा बघा.


रामबागकर

हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर केला, फोन पुढच्या खिडकीत ठेवला. लॅपटॉपवर मागच्या खोलीत आत्ता ६५ येतात, अपलोड ८. मोजपट्टी, पैज तुम्ही जिंकलात.

आता घरच्या कनेक्शनचं सांगा. आणि बाजारात सिग्नल बूस्टर मिळतात, गच्चीवर अँटेना आणि आत डबा, ते घेतलं तर?


लहरी_माळवा

बूस्टर नको. विनापरवाना रिपीटर लावणं बेकायदेशीर आहे. स्वस्त डबे गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतात, आख्ख्या गल्लीचा अपलोड बसतो, आणि दूरसंचार खात्याची माणसं शोधत आली तर यंत्र जप्त होतं. कॉलसाठी वायफाय कॉलिंग चालू करा, तेवढ्याने मागच्या खोलीचं दुखणं जातं.

घरच्या कनेक्शनसाठी: गल्लीत फायबर येत असेल तर डोळे झाकून फायबर. १०० एमबीपीएसचं फायबर रात्री ९लाही १००च्या जवळ राहतं, अपलोड बहुतेक तितकाच, पिंग स्थिर. फायबर येत नसेल तरच ५जीवरचं बिनतारी.

ते घेताना आतला डबा खिडकीत ठेवून चालवणारं मॉडेल घेऊ नका. बाहेरचं युनिट गच्चीवर लागेल असंच मागा. तुमच्या गच्चीवर उणे ८४ आणि १९ आहेत, म्हणजे जागा उत्तम. तिथून कॅट ६ केबल खाली राउटरपर्यंत. १०० मीटरपर्यंत चालते, वीजही त्याच केबलमधून वर जाते. बसवणारा शिडीवर असतानाच त्याच्या ॲपमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर दाखवायला सांगा. उणे ९५हून वाईट किंवा १५हून कमी असेल तर युनिट फिरवून बघा. दहा-पंधरा अंशांनी बराच फरक पडतो, आणि पाण्याची टाकी आड येत असेल तर जागाच बदला. पत्र्याच्या शेडखाली लावू देऊ नका. केबल आत शिरते तिथे खालच्या बाजूला एक झोल सोडा, नाहीतर पावसाचं पाणी केबलवरून थेट राउटरवर उतरतं. वीज गेली की राउटर आणि गच्चीवरचं युनिट दोन्ही बंद, तेव्हा छोटा यूपीएस घ्या, तो दोघांना मिळून पुरेल इतक्या वॅटचा.

डेटाला मर्यादा असते, साधारण महिन्याला १ टीबीची, ती बारीक अक्षरांत असते. आणि तुमची रात्रीची १३५ त्याच टॉवरवरची आहे. ३० किंवा १००चा प्लॅन आज भागेल, पण गल्लीत आणखी दहा घरांनी तेच घेतलं की रात्रीचा आकडा खाली येईल.


मोजपट्टी

नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार आला तर आधी ज्या कंपनीत जायचं तिचं सिम असलेला शेजाऱ्याचा फोन घेऊन मागच्या खोलीत आणि गच्चीवर रात्री ९ला मोजा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार कंपन्यांना आपल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात, तेही बघा, पण ते रस्त्यापुरते खरे, तळमजल्याला नाही. टॉवर कुठे आहेत ते सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर दिसतात. गच्चीवरचं युनिट कोणीकडे तोंड करून लावायचं याचा अंदाज तिथून येईल.

तक्रार करायची असेल तर १९८वर करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. सोबत मागच्या खोलीचे आकडे देऊ नका, त्यावर उत्तर ठरलेलं आहे: "घरातली अडचण". गच्चीचे द्या, सकाळ-रात्र शेजारी शेजारी. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं; ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः घेत नाही.


रामबागकर

फायबरवाल्याला विचारलं, शेजारच्या गल्लीपर्यंत आलंय, खांबावरून ओढून देतो म्हणाला. वरून ओढलेली तार पावसाळ्यात टिकते का?


लहरी_माळवा

टिकते, पण तीन गोष्टी बघा. तार पोलादी धाग्याची, बाहेर वापरायची काळी ड्रॉप केबल हवी. आत वापरायची पांढरी ओढू देऊ नका. दोन्ही टोकांना क्लॅम्पवर ताण हवा, तारेवर नको. वळण हाताच्या मुठीपेक्षा लहान नको, प्रकाश तिथेच गळतो. जोडणी झाल्यावर मोडेमपाशी ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजायला लावा: उणे १५ ते उणे २४ डीबीएम ठीक, उणे २७च्या पलीकडे गेली तर जोड पुन्हा करायला सांगा, पैसे द्यायच्या आधी.